वाळूवरचे सदतीस नंबरचे ठसे

शेवटी मिहिका आणि वेदांगचं जमलं. पण ते विसरा. असं काही झालेलंच नाही.

झालं ते एवढंच, की रास अल खैमाच्या वाळवंटात सकाळी सात वाजता वेदांगने मिहिकाच्या चहात मूठभर वाळू उडवली. मुद्दाम नव्हे. टेकडीवरचे ठसे पाठीवरच्या ब्लोअरने पुसणं ही त्याची नोकरीच होती. हॉलिवूडच्या सिनेमाचा नायक अशा वाळवंटात मरणार होता, जिथे कधीच कुणी आलेलं नाही. आणि तिथे युनिटची दीडशे माणसं रोज नाश्ता करत होती.

"सॉरी मॅडम. मी सावंतवाडीचा."

"त्याचा चहाशी काय संबंध?"

"काही नाही... फोनवर आईशी मराठीत भांडत होतात. म्हटलं, गाववाला मराठी आहे हे ऐकून राग कमी होईल."

झाला. शारजात वाढलेली मिहिका निर्मात्याची, मिस्टर ग्रँटची, असिस्टंट होती. तीस वर्षांत ग्रँटने सव्वीस सिनेमे काढले होते आणि एकही चूक स्वतःच्या नावावर घेतली नव्हती. शेवटचा शॉट नीट झाला, तर तो तिला लॉस एंजेलिसला नेणार होता.

मग रोज सकाळी ती टेकडी ओलांडून वेदांगच्या थर्मासकडे जाऊ लागली. ती वळली, की तो दोघांचे ठसे पुसायचा.

शेवटच्या दिवशी, सूर्य मावळायला वीस मिनिटं असताना, मॉनिटरवर ते निर्मनुष्य वाळवंट दिसलं. मधोमध बुटांच्या ठशांची एकच रांग. नंबर सदतीस.

"चूक कोणाची?" ग्रँटने विचारलं.

वेदांगचं नाव घेतलं, तर त्याची नोकरी खलास. नाही घेतलं, तर तिचं लॉस एंजेलिस.

"माझी," मिहिका म्हणाली. "पाय माझे आहेत."

ग्रँटने घड्याळ बघितलं. "चूक कबूल करणं... निर्माता होणाऱ्याला हा रोग बरा नाही. सोमवारी विमानात बस. तिकडे इलाज करू."

ती टेकडीवर पोचली.

"माझेच का ठेवलेस?"

"माझे पुसले. तुझे पुसायला... हात उठेना."

"दीडशे माणसं थांबलीत, वेदांग."

"मग यल्ला, चल, बाजूला हो."

"सहा महिन्यांनी येतेय मी. तुझ्यासाठी, चहासाठी नव्हे. थांबशील?"

"मी थांबेन. वाळूचं सांगता येत नाही."

"कॅमेऱ्यात न येणारी एक जोडी ठेव."

त्याने ठेवली. शॉट झाला.

रविवारी मिहिकाने कंपनीच्या लेटरहेडवर संबंधित कार्यालयाला अर्ज पाठवला:

'विषय: वारा बंद ठेवण्याबाबत. उपरोक्त टेकडीवर अर्जदाराच्या पावलांची एक जोडी शिल्लक असून श्री. वेदांग तिची देखभाल करीत आहेत. तरी अर्जदार परत येईपर्यंत सदर भागातील वारा बंद ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती. सोबत: पासपोर्टची प्रत, डाव्या बुटाचा फोटो.'