मागे धरायला उभी होती ती

मंगळवार, २१ नोव्हेंबर २०१७. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. चाचणीसाठी आलेली माणसे एकूण सव्वीस.

इतक्या नेमकेपणाने सांगतो, कारण हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीबाबत घडले आहे. त्यात पदरचा एकही शब्द घालण्याची माझी इच्छा नाही.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. वय तेव्हा बावन्न. काम आरोग्य सर्वेक्षणाचे. लहान मुलांपासून नव्वदीच्या वृद्धांपर्यंत, कोणत्या वयात शरीर माणसाला किती साथ देते, याचा वस्तीत अभ्यास चालला होता.

त्या दिवशी तोलाची चाचणी होती. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा जोडायचा. हात छातीशी. डोळे मिटायचे आणि तीस सेकंद उभे राहायचे. समोर धाकटी घड्याळ घेऊन बसे. मागे मदतनीस मावशी हात पसरून उभ्या राहत... तोल गेलाच तर धरायला. एरवी स्पर्श करायचा नाही.

त्या सकाळी मावशींना ताप भरला.

मागे माणूस नसेल तर चाचणी घ्यायची नाही, हा नियम धाकटी स्वतःच नवशिक्यांना शिकवीत असे. पण बाहेर बाकांवर माणसे खोळंबली होती आणि अभ्यासाचा तो शेवटचा दिवस होता. तिने मावशींच्या जागी एक खुर्ची ठेवली आणि मनाची समजूत घातली.

पहिली आली सात वर्षांची मुलगी. तीस सेकंद नीट उभी राहिली.

"भिंतीजवळ कोण उभं होतं?" जाताना तिने विचारले.

"कोणी नाही गं."

धाकटीने घड्याळावरून नजर उचलली.

खुर्ची भिंतीला टेकलेली होती...

तिने ती पुन्हा जागेवर आणली. मग कॉलेजातला एक मुलगा आला.

"मागच्या बाईंना जरा लांब उभं राहायला सांगा ना. पावलं वाजतात, हसू येतं."

नंतर चाळिशीची शिंपीण. तिने मधेच मान झटकली.

"बाई, इतकं जवळ येऊन श्वास नका सोडू."

मग सत्तरीचे निवृत्त पोस्टमन.

"हात फार गार आहेत हो तुमच्या बाईंचे."

"हात? कुठे लागले?"

"पाठीला की. दोन्ही."

खुर्ची पुन्हा भिंतीशी... कोणाला तरी उभे राहायला जागा हवी होती.

जितके वय जास्त, तितकी ती जवळ. हे ध्यानात आले तेव्हा धाकटीच्या तोंडचे पाणी पळाले. तिने उरलेल्यांना परत पाठवले.

एक जण मात्र हलायला तयार नव्हता. आमचे बाबा. वय एक्याऐंशी.

आई गेल्यापासून ते एकटेच राहत. दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडले तर उठणार नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. धाकटी त्यांना आपल्या घरी बोलवत होती. शेवटी बाबांनीच तिला अट घातली होती : "दहा सेकंद उभा राहिलो तर माझ्या घरात राहणार. नाही राहिलो तर तुझ्याकडे येतो, द्याल ते मुकाट गिळतो."

"बाबा, आज राहू द्या."

"का? नापास होईन म्हणून, की पास होईन म्हणून?"

त्यांनी पावले जोडली. डोळे मिटले.

ते जरासुद्धा डुलले नाहीत.

नवव्या सेकंदाला ते मागे कलू लागले. सरळच्या सरळ, भिंतीला शिडी लावावी तसे. भिंत तर मागे बरीच लांब होती.

धाकटी उठून बाजूला गेली. बाबांच्या पाठीवर सदरा दोन ठिकाणी आत दबलेला होता...

तीस सेकंद झाले.

"बघितलंस? आणि तुमच्या मावशी, चांगल्या भक्कम आहेत हो."

"पुन्हा एकदा, बाबा. या वेळी मागे मी."

ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली.

एक. दोन. तीन. चार...

बाबा अख्ख्या वजनानिशी तिच्या अंगावर आले. तिला भार पेलवेना. तिचे चवडे उचलले गेले. खाली फरशी होती.

दोघे पडले नाहीत.

तिच्या पाठीला दोन तळवे टेकले होते. गार. त्यांनी दोघांनाही सावकाश सरळ उभे केले.

"धरलंस गं पोरी," बाबा म्हणाले.

दोन प्रयत्नांतला चांगला आकडा लिहायचा असतो. तिने चार लिहिला आणि त्याच संध्याकाळी बाबांना स्वतःच्या घरी नेले. त्या जागेपासून त्यांना दूर ठेवायचे, एवढेच तिच्या मनात होते. बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. आल्यागेल्याला सांगत, "ही बघा, तीसचे चार करणारी आमची हिशेबनीस."

मला एकच गोष्ट खाते. धाकटी बावन्न वर्षांची होती. त्या हिशेबाने ते हात तिच्यापासून अजून लांब असायला हवे होते. आता रांगेतही ती भिंतीला पाठ लावून उभी राहते. मी तर तोंडाला साबण लावतानाही एक डोळा उघडा ठेवतो. चुरचुरतो, पण चालते.

बाबा तिच्या घरी सहा वर्षे जगले. जिना चढले, ओल्या मोरीत एकटे अंघोळ करीत राहिले. ते चार सेकंदांचे पाय होते. डॉक्टरांना त्याचे नवल वाटे, धाकटीला वाटत नसे. चालताना ते किंचित मागे रेललेले असत...

त्या सहा वर्षांत पडण्याचे प्रसंग : शून्य.