दोन्हीकडे

ही गोष्ट खरी आहे. खोटं मला फार छान जमतं, ते पुढे कळेलच. म्हणूनच आधी सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

आणि भुताला मध्यरात्र लागते हे डोक्यातून काढून टाका. माझ्या बाबतीत सुरुवात झाली ती एका गुरुवारी, दुपारी सव्वाचारला, वहिनीच्या घरामागच्या अंगणात. लख्ख ऊन होतं. शेजारीण कपडे वाळत घालत होती.

माझा दादा फरशीचा मिस्त्री होता. आयुष्यभर हातात पाणसळ. तीच ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट. काम थांबवल्यावर त्याने जुनी कॅराव्हॅन घेतली, जीपमागे ओढायचं चाकांवरचं घर. दादा, वहिनी आणि मी सडाफटिंग, असे तिघं भटकायचो.

मुक्कामाला पोहोचलो की दादाचा कारभार सुरू. आधी दारात पाणसळ आडवी ठेवायची. जी बाजू खाली, तिकडचं चाक फळीवर चढवायचं. मग चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. त्यानंतरच जीपपासून सोडवायचं. चार कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी.

"पाय टेकवायला असतात रे, घर उचलायला नाही," हे मी हजारदा ऐकलंय.

ठोकळे लावणं माझं काम. दादा पुढे जीपपाशी उभा राहायचा आणि हातोडीने लोखंडी दांड्यावर दोनदा ठोकायचा.

टक्... टक्.

मी मागून ओरडायचं, "दोन्हीकडे!"

म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना ठोकळे लागले. हे उत्तर ऐकल्याशिवाय दादा जीपला जोडणाऱ्या कडीला हात लावायचा नाही. कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या मैदानावर मुक्काम होता. जमिनीला जीपच्या दिशेने जरासा उतार. मी फळी वाकडी ठेवली म्हणून दादा चार लोकांसमोर बोलला, "पन्नाशी आली तरी याला सरळ काही जमत नाही." लोक हसले. माझं डोकं फिरलं. ठोकळ्यांची पिवळी पिशवी पायाशी तशीच ठेवून मी मोबाइल काढला. म्हटलं, बसू दे वाट बघत.

टक्... टक्.

आणि मी, मोबाइलवरून मान न उचलता, ओरडलो...

"दोन्हीकडे!"

का? सवयीने. रागाने. कटकट एकदाची संपावी म्हणून. दोन वर्षं झाली, अजून कारण शोधतोय.

दादाने कडी काढली. घर उताराने पुढे गेलं. दादा जीप आणि घराच्या मधे होता.

वहिनी तेव्हा लांब नळावर पाणी भरायला गेली होती. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. लोक धावत आले, विचारू लागले. मी म्हटलं, "ठोकळे मीच लावतो म्हणाला होता दादा. विसरला असेल."

सगळ्यांना पटलं. वहिनीलासुद्धा. तेच तर वाईट झालं.

तिने दादाचा फोटो लावला नाही. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतः साधे ठोकळे विसरले! मला एकटीला टाकून गेले निष्काळजीपणाने. राग येतो हो मला त्यांचा," असं ती दर भेटीत म्हणते. मी मान डोलावतो. शरम कोळून प्यायलोय मी.

तर तो गुरुवार. वहिनीने कॅराव्हॅन विकायला काढली होती. एक निवृत्त शिक्षक बघायला येणार होते. अंगणातला कोबा दादाने स्वतः घातलेला, सपाट म्हणजे सपाट. मी जीपने घर आत आणलं, दारात पाणसळ ठेवली.

बुडबुडा पार उजव्या, म्हणजे उंच टोकाला.

मी डावीकडे उभा होतो, म्हणजे माझ्या बाजूला उतार. फळीवर चाक चढवलं, ठोकळे लावले. फरक नाही. वैतागून पलीकडून बघावं म्हणून उजवीकडे गेलो...

बुडबुडा नळीतून हळूहळू सरकला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला.

मी जिथे उभा, तिकडे उतार.

तेवढ्यात शिक्षक फाटकातून आत आले. आणि जीपच्या बाजूने आवाज आला...

टक्... टक्.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दोन्हीकडे."

"कोण हातोडी मारतंय?" शिक्षकांनी विचारलं. पुढे कुणीच नव्हतं.

मी खाली बघितलं. चाकांना ठोकळे नव्हते. पिवळी पिशवी माझ्या पायाशी होती. चेन लावलेली. चारही ठोकळे आत.

शिक्षकांनी तरीही कॅराव्हॅन घेतली. नंतर मी फोन केला तर म्हणाले, "अहो, मस्त! नवी पाणसळ आणली, बुडबुडा जागचा हलत नाही." तिकडे सगळं ठीक होतं.

कारण ते माझ्याबरोबर आलं होतं.

वहिनीने ती पाणसळ मलाच दिली, ठोकळ्यांच्या पिशवीसकट. "भाऊजी, तुम्हाला हाताला धरून शिकवलं त्यांनी. तुम्हीच ठेवा." मी तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. टेबलावर पेन ठेवलं की ते माझ्याकडे घरंगळतं. खुर्ची फिरवून पलीकडे बसलो तर तिकडे. तुम्ही हसाल. मीही आधी हसलो होतो.

गेल्या रविवारी दुपारी वहिनी आली. चहा झाला. नेहमीचा विषय निघाला. या वेळी मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. तोंड उघडलं, आणि...

टक्... टक्.

खिडकीच्या गजावर.

वहिनीचा कप हातातच राहिला. "अगं बाई... हे तर ह्यांचं ठोकणं!" ती कुजबुजली. मग म्हणाली, "भाऊजी, उत्तर द्या ना. तुम्हीच द्यायचात."

टेबलावरचा माझा कप सावकाश माझ्याकडे सरकत आला.

वहिनी त्या कपाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"विचारल्याशिवाय ते कडी काढायचे नाहीत," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी वाजवलं होतं का त्यांनी?"

एवढं सोपं करून दिलं होतं तिने. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नाही."

ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

तुम्हाला सगळं सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तिला सांगायची हिंमत नाही. आता माझ्या खोलीतलं लोखंडी कपाट रोज बोटभर पलंगाकडे सरकतं. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला, तर कपाटही तिकडे वळलं.

रोज संध्याकाळी मी त्याला ठोकळे लावतो. दोन्हीकडे. आईशप्पथ, खरंच लावतो.

सकाळी ते पिशवीत असतात.