अर्ध्या ट्रकाचं सामान

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं ज्याने म्हणून ठेवलं त्याने घर कधी हलवलं नसावं. बांधलेलं घर निदान एका जागी उभं राहतं. हलवायला काढलेलं घर दिवसभर पायात येतं.

तिच्या घराची तशीच गत झाली होती. नवऱ्याची बदली झाली आणि तो पुढे गेला. तिकडच्या शहरात त्याने घर भाड्याने घेतलं, खिडक्यांची मापं कळवली, आणि रोज संध्याकाळी फोन करू लागला. इकडे उरली ती, सहा वर्षांची पिटुकली आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत, म्हणून तीही नानाच म्हणे. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि महिनाअखेर किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची होती.

अख्खा ट्रक परवडणारा नव्हता. अर्ध्या ट्रकात आपलं, अर्ध्यात दुसऱ्या कुणाचं तरी, असं ठरलं. बांधाबांध ट्रकवाल्यांच्या माणसांनी केली तर त्याचे निराळे पैसे पडत होते; म्हणून नवरा म्हणाला, "खोकी आपणच भरू." आपण म्हणजे ती. तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. जड सामान खाली ठेव, काचेचं मधे ठेव, आणि जे नको असेल ते आत्ताच काढून टाक.

"हो," ती म्हणायची. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मेणात आणि प्लास्टरमध्ये हात, डोळ्यांसमोर दुसऱ्यांचे दात. नोकरी सोडत असल्याचं सांगून झालं होतं, पण शेवटच्या दिवसापर्यंत जाणं भाग होतं, कारण नव्या घराची अनामत त्याच पगारातून जायची होती. संध्याकाळी घरी आली की बोटं आखडलेली असत. मग स्वयंपाक, पिटुकलीचा अभ्यास, नानांची औषधं, आणि त्यानंतर ती रिकाम्या खोक्यांकडे बघत भिंतीला टेकून बसायची. बघता बघता मान खाली पडायची.

एका संध्याकाळी दार उघडून ती आत आली तर भिंतीशी भरलेली खोकी ओळीने लावलेली. चिकटपट्टी अशी सरळ मारलेली की एक सुरकुती नाही. स्वयंपाकघरातल्या काचेच्या वस्तू जाग्यावर नव्हत्या. तिने एक खोकं उघडून पाहिलं. प्रत्येक पेला वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता आणि मधल्या फटींत जुने रुमाल कोंबले होते. ती स्वतः करती तर हेच करती, पण इतकं नीट तिला जमलं नसतं.

"नाना, हे कुणी केलं?"

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी म्हणजे? तूच की."

"मी आत्ता येतेय."

"आत्ता आलीस, ते दिसतंय. पण दुपारी होतीस ना. मला म्हणालीस, नाना, पाय वर घ्या, खाली काच असेल."

नाना कपाळावर चष्मा लावून घरभर चष्मा शोधणाऱ्यांतले. तिने ते सोडून दिलं. शेजारच्या काकूंकडे घराची जास्तीची किल्ली असायची, शाळेतून आलेल्या पिटुकलीला काकूच दार उघडून देत. सकाळी जिन्यात काकू भेटल्या तेव्हा ती म्हणाली, "काकू, कशाला एवढा त्रास घेतलात?"

"कसला त्रास?"

"खोकी भरलीत ती."

"अगं, माझी कंबर मला वाकू देत नाही, मी कुठली खोकी भरते." काकू हसल्या. "तूच तर होतीस घरात. दुपारभर चिकटपट्टीचा आवाज चालला होता. म्हटलं, रजा घेतलेली दिसतेय पोरीने."

तिथेच तिने खोदून विचारायला हवं होतं. पण बस सुटत होती. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती वेळेवर झोपली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी कुणी पुढे केली, हे बुडणारा विचारत बसत नाही.

त्यानंतर ती सकाळी निघताना वस्तू जमिनीवर मांडून ठेवू लागली. एकदा पुस्तकं, एकदा पांघरुणं, एकदा नानांच्या खोलीतली सगळी अडगळ. स्वतःशीदेखील तिने कबूल केलं नाही की आपण मुद्दाम ठेवतोय. संध्याकाळी ती खोकी होऊन भिंतीशी लागलेली असत. त्यांच्यावर शाईने, तिच्याच बुटक्या अक्षरात, "जपून" लिहिलेलं असे. घर रिकामं होत चाललं तसा चालताना पावलांचा आवाज घुमू लागला.

एका सकाळी ती पिटुकलीची वेणी घालत होती. उशीर झाला होता, केसांत गुंता होता, आणि तिचा हात जरा जोरात ओढला गेला.

"तू दुपारी छान वेणी घालतेस," पिटुकली म्हणाली.

"दुपारी मी लॅबमध्ये असते."

"हो. पण दुपारी ओढत नाहीस. आणि रागवत पण नाहीस."

तक्रारीचा सूर नव्हता. मुलाने हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती बोलली आणि पायातल्या मोज्याकडे बघू लागली. आईच्या हातात कंगवा तसाच राहिला.

त्या दिवशी पोटात दुखतंय असं सांगून ती लॅबमधून दुपारीच निघाली. जिना चढताना वरून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. चर्र, मग थोडं थांबून पुन्हा चर्र. तिसऱ्या मजल्यावर ती पोचली आणि आवाज थांबला.

दार लोटलेलंच होतं. नाना खुर्चीत चहा घेत होते, कपातून वाफ निघत होती. पिटुकली जमिनीवर बसून वर्तमानपत्राची पानं सुटी करत होती. तिच्यासमोर अर्धं भरलेलं खोकं होतं आणि खोक्यापलीकडे, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा मोकळी होती.

"इथे कोण होतं?"

"आत गेलीस ना तू?" नानांनी कपानेच आतल्या खोलीकडे खूण केली, आणि मग तिच्या पायातल्या चपलांकडे बघत राहिले.

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकी आतून लावलेली होती. लॅबमधल्या मेणाचा वास येत होता, पण तो आपल्याच हातांचा असेल असं तिला वाटलं. ती कपाटाला धरून उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं ते हे की इतक्या दिवसांत या कपाटाला कुणी हात लावलेला नाही. नवऱ्याचे कपडे भरले गेले होते, पिटुकलीचे, नानांचे, अगदी पायपुसणीसुद्धा. फक्त तिचे कपडे, तिच्या चपला, तिची औषधं जिथल्या तिथे होती.

तिने एक खोकं ओढलं, कपाटातलं सगळं त्यात कोंबलं आणि चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कपडे पुन्हा कपाटात होते. घड्या घातलेले, रंगवार लावलेले. खोकं चपटं करून दाराआड उभं केलं होतं.

काकूंना सांगून तिने कुलूप बदलून घेतलं. त्याने काही फरक पडला नाही.

मग सामान बघायला ट्रकवाल्यांचा मुकादम आला. पोट सुटलेला, बोलका माणूस. घरभर फिरला, खोक्यांवर थापट्या मारून पाहिल्या आणि खूश झाला.

"ताई, आमच्या पोरांना असं भरता येत नाही. आणि तुम्ही फोनवर म्हणालात ते बरोबर आहे, आतलं कपाट राहू दिलं तर जागा उरते. तीन माणसांचं सामान आरामात बसतंय. पैसे कमी करतो मी, उगाच जास्त कशाला घेऊ."

"मी फोन केला नव्हता. आणि आम्ही चार माणसं आहोत."

मुकादमाने नानांकडे पाहिलं, पिटुकलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. दमलेल्या गिऱ्हाइकाशी जसं बोलतात तसं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो खुशीत होता. "काय घासाघीस केलीस गं! मला वाटलं नव्हतं तो एवढा खाली येईल. आणि दुपारी बोललीस तेव्हा किती बरं वाटलं. असं कधीचं बोललो नव्हतो आपण."

"दुपारी काय बोललो आपण?"

"आता मुद्दाम विचारतेस."

"सांग ना."

"अगं, तिकडे आल्यावर सगळं नीट होईल म्हणालीस. हसलीस. आणि आता परत हा आवाज."

"कोणता आवाज?"

"दमलेला. जाऊ दे. थोडेच दिवस राहिलेत. पड जरा."

ती फोन हातात धरून बसली. त्याला सांगावं असं बरंच काही होतं, पण ते सांगायला कुठून सुरुवात करायची ते सुचेना. शिवाय तो जे म्हणाला ते खोटं नव्हतं. तो हसलेला आवाज तिलाही कितीतरी दिवसांत ऐकू आला नव्हता.

सामान न्यायच्या दिवशी ती कुठेच गेली नाही. सकाळपासून पिटुकलीचा हात सोडला नाही. पोर घामेजली, हात सोडवू लागली, तरी नाही. हमाल चार मजले चढत-उतरत होते. तिने आतलं कपाटही न्यायला लावलं. मुकादम कुरकुरला, पण दोघा हमालांनी ते उचललं आणि जिन्यात नेलं, हे तिने स्वतः पाहिलं. तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला.

दुपारी ट्रक भरला. मागोमाग जायची गाडी खाली येऊन उभी राहिली. एका हमालाने नानांना आधार देऊन उतरवलं. पिटुकलीला लघवीची घाई झाली होती, काकू तिला आपल्या घरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मी नेते हिला खाली. तू नळ-बिळ बघून घे एकदा."

तिने नळ पाहिले. गॅसची जागा पाहिली. मग आतल्या खोलीत डोकावली.

कपाट जाग्यावर होतं.

त्याच्यासमोर जमिनीवर गादी घातली होती. स्वच्छ चादर, कडा दुमडलेल्या. उशाशी पाण्याचा पेला, पायाशी पांघरूण. खिडकीचं एक दार लावून घेतलं होतं, म्हणजे ऊन डोळ्यांवर येऊ नये.

तिला ओरडावंसं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे वाटलं ते वेगळंच होतं. आपल्यासाठी अंथरूण कुणी शेवटचं कधी घातलं होतं, ते तिला आठवेना.

ती गादीवर बसली. एकच मिनिट, ती स्वतःला म्हणाली. गादी गार होती. पाठ टेकली तशी कितीतरी दिवसांची आखडलेली कंबर हळूहळू सुटली.

खालून आवाज आला.

"फ्रिज उभाच ठेवा हं. आणि नानांना पुढे बसवा, मागे त्यांना मळमळतं."

तिचाच आवाज. पण झोप झालेला.

ती उठली. उठायला फार वेळ लागला. दाराशी गेली तर दार ओढून बाहेरून कडी घातलेली होती. ती भिंतीला धरून खिडकीशी आली आणि हाक मारली. चार मजले उतरून जाईल एवढी ती हाक मोठी नव्हती.

खाली गाडीची दारं उघडी होती. काकू कुणाचे तरी हात हातात घेऊन निरोप देत होत्या, डोळे पुसत होत्या. नाना पुढे बसले होते. मुकादम हसून काही म्हणाला आणि एक बाई हसून मागे, पिटुकलीच्या शेजारी बसली.

ट्रक निघाला. गाडी त्याच्या मागे सरकली.

पिटुकलीने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. चौथ्या मजल्याकडे. मग तिने हात वर केला आणि हलवला.

शेजारच्या बाईने वर न बघता तो हात अलगद खाली घेतला, आणि काच वर केली.