उजवीकडची रिकामी जागा

कागद घोटायला मला आवडतं. अकीकाचा गुळगुळीत दगड घ्यायचा आणि थरावर थर चिकटवलेल्या जाड कागदाच्या पाठीवरून एकसारखा फिरवत राहायचा. हळूहळू कागद आतून नितळ होतो, त्यावर कुंचला अडखळत नाही. सकाळी अंगणात ऊन आलं की मी पाट टाकून बसते. एका अंगाला पोंग धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला धौलाधारच्या डोंगरांवरचा बर्फ. मन अगदी शांत असतं.

मी हरिपूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. यजमान गेल्यावर मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आमच्या गुलेरला चित्रकारांची परंपरा आहे, इथला किराणावालाही रेषेच्या बारीकपणाबद्दल मत देतो. पण मी कधी कुंचला हातात धरला नव्हता. मला तिकडे ढकललं ते कृष्णा दीदीनं. दीदी म्हणजे माझी मोठी जाऊ. घरात आम्ही दोघीच.

"रात्रभर घरात फिरतेस," ती म्हणाली. "तुझ्या चपलांच्या आवाजानं मलाही झोप नाही. ओंकारचंद मास्टरजींकडे जा. शिकवतात म्हणे बायकांनाही."

मास्टरजींचं स्लेटच्या छपराचं घर बाणगंगेच्या पुलाजवळ आहे. वय सत्तरीच्या पुढं, अंगावर तपकिरी लोकरी पट्टूचं जाकीट, आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. एकदा शेजाऱ्याच्या बकरीनं दाराशी वाळत ठेवलेला कुंचला चावून टाकला, तर ते तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "खारीच्या शेपटीचा होता बाई, पचेल ना तुला?" त्यांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चिंता करताना किंवा घाबरलेलंही नाही.

त्यांच्या भिंतीवर मात्र निराळं जग होतं. एका चित्रात वादळात सापडलेली नाव होती. तिच्याकडे पाहिलं की तळहाताला घाम यायचा. एकात दोन भाऊ तलवारी उपसून उभे. एका लहानशा चित्रात ओढ्याच्या काठी एक तरुण बाप छोट्या मुलाला अंघोळ घालत होता; ते पाहताना छातीत इतकं भरून यायचं, की मी जागा बदलून त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

मी विरहिणीचं चित्र निवडलं. संध्याकाळची गच्ची, गच्चीवर बसलेली स्त्री, उजव्या टोकाला दार. कोन मोजून काढले, कठड्याच्या जाळीची नक्षी अगदी सारखी आणली. मास्टरजींनी कागद उजेडात धरला.

"मॅडमजी, गणित बरोबर आहे. उत्तर चुकलंय."

"कुठं?"

"बाई बसलीय. वाट बघत नाहीये."

"मग डोळ्यांत पाणी दाखवू?"

"पाणी दाखवलंत की बघणारा म्हणेल, रडतेय बिचारी, आणि पुढं जाईल. दुःख बाईत नसतं. ती आणि ते दार यांच्यात जेवढी जागा आहे, तिथं असतं."

त्यांनी मला नवा कागद दिला. बाईला पार डाव्या कडेला न्यायला सांगितलं, लाल घागऱ्यासकट. उजवीकडचं सगळं सामान काढून टाकायला लावलं. मोर, कारंजं, केळीचं झाड. जवळजवळ अर्धा कागद नुसता फिकट पिवळा राहिला, टोकाला दाराची चौकट. मग त्यांनी त्या पिवळ्यावर आपला तळहात ठेवला.

"आता बाई कशी दिसते?"

"उन्हाला बसल्यासारखी."

त्यांनी हात उचलला. तीच बाई, तीच रेष. पण तिची मान ओढली गेल्यासारखी वाटली. मला खरंच गंमत वाटली. एखादं समीकरण सुटावं तशी.

"पण चित्र डावीकडे कलतंय," मी म्हणाले. "सगळं वजन लाल रंगात गेलंय."

"जाणारच. रिकाम्या जागेलाही वजन द्यावं लागतं. ते रंगातून येत नाही, घरून आणावं लागतं." ते हसले. "रोज एक गोष्ट आणा, तुमच्या यजमानांची. मला सांगायची नाही. मनात धरायची आणि त्या पिवळ्यात लावायची. पातळ हात, एकावर एक."

शिकवण्याची एक रीत, असं समजून मी ते केलं. पहिल्या दिवशी काय नेलं ते मी दीदीला सांगून निघाले होते, म्हणून ते ठाऊक आहे. यजमान घरी यायचे तेव्हा फाटकाशी एकदा खोकायचे, मी चुलीवर चहा ठेवावा म्हणून. तो खोकला मनात धरून मी पिवळ्याचा एक हात दिला. रंग वाळला तेव्हा गच्चीवर जराशी संध्याकाळ उतरली होती.

त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दीदी खूश झाली. तिनं सकाळी उडदाचं सारण भरून बबरू तळले, मिरचीच्या चुखाबरोबर वाढले. "तोंडावर रंग आलाय तुझ्या," म्हणाली. मी रोज जाऊ लागले, रोज काहीतरी मनात घेऊन. जागा भरत नव्हती, उलट आणखी रिकामी होत होती. पण आता तिच्यात काहीतरी होतं. पाहणाऱ्याची नजर तिथून हलत नसे. मी भूक लागून घरी यायचे, शेजारणींशी गप्पा मारायचे, तलावावर उतरलेली परदेशी बदकं बघायला मुद्दाम वाट वाकडी करायचे.

एकदा दीदी हरभऱ्याचा दह्यातला मद्रा ढवळता ढवळता म्हणाली, "अजूनही कुणी फाटकाशी खोकलं ना, की वाटतं तोच आला."

"कोण?" मी विचारलं.

तिनं डाव बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं समजावून सांगितल्यावर मी मान डोलावली. तिचं म्हणणं खरंच असणार. पण मला ते नवीन होतं.

वय झालं की विसरायला होतं. वर्गातल्या कितीतरी मुलींची नावं मला आठवत नाहीत. मी तसं दीदीला म्हणालेही.

मग थंडीत मी यजमानांचा लोकरीचा कोट पोस्टमनला देऊन टाकला. चांगला जाड कोट होता, त्याला उपयोगी पडणार होता. दीदी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पठाणकोटच्या इस्पितळातले शेवटचे दिवस मला ठाऊक होते, पण पाढ्यासारखे. म्हटले तर घडाघडा म्हणता येतील, आणि आत काही हलणार नाही.

होळीच्या सुमारास मास्टरजींचा मुलगा चंडीगडहून आला. मुनीश त्याचं नाव. आम्ही काम करत होतो, तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मास्टरजी तत्परतेनं उठले, त्याला बसायला आसन दिलं.

"या, या. प्रवास कसा झाला? चहा घेणार ना?"

"घेईन, बाऊजी."

"साखर किती घालू तुम्हाला?"

मुनीशनं उत्तर दिलं, चहा घेतला, आईच्या बहिणीकडची खुशाली सांगितली. मास्टरजी आस्थेनं ऐकत होते, पाहुण्याचं ऐकावं तसं. मग ते अंगणात रंगाच्या शिंपल्या धुवायला गेले. मुनीश भिंतीवरच्या त्या अंघोळीच्या चित्रापुढं जाऊन उभा राहिला. कपाळ जवळजवळ चित्राला टेकलं होतं.

"तो मुलगा मी आहे," तो म्हणाला. "ताप येऊन उठलो होतो. ओढ्याचं पाणी गार लागेल म्हणून आधी त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. चित्र पुरं झालं त्या दिवसापासून मला 'तुम्ही' म्हणतात."

मी कुंचला पाण्यात ठेवला.

"सुखी आहेत ते, मौसीजी. डॉक्टरला दाखवलं. डोकं शाबूत आहे. नाव, गाव, माझा जन्मदिवस, सगळं सांगतात." त्यानं माझ्या पाटावरच्या कागदाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. "अर्धं राहू द्या तुमचं. अर्धंही चांगलंच दिसतं."

तो संध्याकाळच्या बसनं गेला. मास्टरजी त्याला पुलापर्यंत सोडून आले. "भला माणूस आहे," म्हणाले.

मी त्यांना सरळ विचारलं. "मी इथंच थांबले तर?"

"थांबा की. चित्र चांगलं आहे."

"पूर्ण आहे?"

ते हसले. "गणिताच्या बाई तुम्ही. तुम्हीच सांगा."

चित्र कललेलंच होतं. अगदी किंचित, पण डावीकडेच. दाराच्या चौकटीत अजून काहीतरी कमी होतं. एवढंसं वजन. मी घरी आले, आणि काही दिवस गेलेच नाही. दीदीबरोबर लोणच्याच्या फोडी केल्या. रात्री परत जाग येऊ लागली. माझ्याजवळ काहीतरी शिल्लक होतं आणि ते दुखत होतं. पूर्वीसारखं घरभर नाही. एकाच जागी, दातासारखं.

दीदीला मी सांगितलं, "उद्या जाऊन पुरं करते."

ती माझे केस विंचरत होती. तिचा हात थांबला.

"उर्मिल, नको जाऊस."

"झोप लागत नाही मला, दीदी."

तिनं पुन्हा विंचरायला घेतलं. वेणी मात्र फार घट्ट घातली.

त्या दिवशी मी काय घेऊन गेले होते, ते मला आता सांगता येत नाही.

एवढं आठवतं की मास्टरजी खिडकीपाशी कागद घोटत होते. दगडाचा आवाज एका लयीत येत होता.

मी कुंचला ओला केला.

दाराच्या उंबरठ्यावर पांढऱ्याची एक रेष दिली. केसाएवढी.

चित्र सरळ झालं.

मला तो क्षण नेमका कळला. तराजूचा काटा मधोमध येऊन थांबावा तसा. लाल, पिवळं, पांढरं, काहीही कमी नाही, काहीही जास्त नाही. इतकं समाधान मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

दगडाचा आवाज थांबला.

"जमलं," मास्टरजी माझ्या मागून म्हणाले.

चित्र मी घरी आणलं. दीदीनं ओसरीवर ते हातात घेतलं आणि तिथंच खाली बसली. ती उंबरठ्याच्या त्या रेषेवर बोट ठेवून रडत होती, तोंडानं कुणालातरी हाका मारत होती. यजमान गेले तेव्हा दीदी रडली नव्हती म्हणतात, घर तिनंच सांभाळलं होतं. मी तिच्यासाठी पाणी आणलं. उभी राहून पाहत होते, की लालचा भार पिवळ्यानं किती छान पेलला आहे.

आता सगळं ठीक आहे. मी दुसरं चित्र घेतलंय, मास्टरजी म्हणतात हात बसला. दीदीनं ते चित्र तिच्या खोलीत लावलंय. तिथून ती फारशी बाहेर येत नाही, म्हणून स्वयंपाक बहुतेक मीच करते.

गेल्या महिन्यात यजमानांचं श्राद्ध होतं. दीदीचा मुलगा फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून संकल्प मीच सोडायचा असं ठरलं. आमचे जुने पंडितजी आजारी होते, त्यांचा पुतण्या आला. मी पहाटे उठून खीर केली, अंगण सारवलं, दर्भ मांडले. पंडितानं गोत्र विचारलं, ते मी सांगितलं. महिना, तिथी, गाव, सगळं सांगितलं. मग त्यानं माझ्या ओंजळीत पाणी घातलं आणि यजमानांचं नाव विचारलं.

तो थांबला. मीही थांबले. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं.

दीदी आतून आली. तिनं दाराशी उभं राहून नाव सांगितलं.

नाव छान होतं. मी ते म्हणायला गेले, पण नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा विचारून घेतलं.