पायाच्या बोटांचे दहा

दामूभटजींची मोजणी कधी चुकत नसे. कर्जतात कोण किती जेवला, श्राद्धाला कोण किती रडला आणि त्यातलं खरं किती, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असे. त्यामुळे नानामास्तरांनी थोरल्या मुलाचा पालाशविधी करायचं काढलं, तेव्हा भटजींनी आधी बोटांवर महिने मोजले.

"आठच झाले, नाना. देह सापडला नाही तर बारा वर्षं वाट बघायची असते. मग पळसाच्या देठांचा पुतळा करून अग्नी द्यायचा."

"सरकारचा कागद आलाय. मृत गृहीत."

गृहीत! भटजींना शब्द आवडला. मोरेश्वर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात बंदूक घेऊन बसायचा. चव्वेचाळीसच्या चैत्रात ब्रह्मदेशावर गेला, तो विमानासकट परतलाच नाही. आता मार्गशीर्ष लागला होता. माघात धाकट्या विष्णूचं लग्न होतं, आणि मुलीकडच्यांना घरात असा ना जिवंत ना मेलेला माणूस नको होता. मास्तरांचं गणित मुळातच चांगलं.

सून उमा दारात उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"भटजी, पानांचा माणूस जाळला की मी विधवा होणार ना?"

"पानांचा नाही, देठांचा," भटजी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

उमा हसली. "मग त्यांना उताणं निजवू नका. विमानात ते पाठमोरे बसायचे. पत्रात लिहिलं होतं, सगळे पुढे बघत जातात, मी एकटाच घराकडे बघत जातो."

"शास्त्रात तसं नाही गं, मुली."

दहाव्या दिवशी तिचं कुंकू पुसायचं ठरलं.

देठ कशेळ्याहून आवडी ठाकरणीनं आणले. "अठरा इसा हायती, भटजी. एक बी कमी नाय."

भटजींनी तरी दोनदा मोजले. तीनशे साठ.

उल्हास नदीच्या काठी त्यांनी देह मांडला. डोक्याला चाळीस, मानेला दहा, छातीला वीस, असं करत खाली आले. शेवटी पायांच्या बोटांना दहा. देठ संपले. देह उताणाच होता.

विष्णूनं अग्नी दिला. ओले देठ भपकन पेटले. वास आला तो जळक्या पेट्रोलचा.

"रॉकेल ओतलंस का रे?"

"नाही हो, भटजी. तुपाशिवाय काही नाही." विष्णूनं नाकाला उपरणं लावलं.

घरी येऊन भटजींनी पंचा झटकला तर घडीतून देठ पडले. त्यांनी मोजले. दहा.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मोजणीवरच तर त्यांचं नाव होतं. देठ त्यांनी कनवटीला खोचले.

त्या संध्याकाळी नानांच्या माजघरात रिवाजाप्रमाणे दिव्याशेजारी पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, ते सकाळी पिठात उमटलेल्या पावलावरून बघायचं.

सकाळी भटजी पोचले तेव्हा टोपली जागची हलली नव्हती. विष्णूनं ती उचलली.

पिठात माणसाचं पाऊल होतं. टाच होती, तळवा होता. बोटं नव्हती.

तिथून सारवलेल्या जमिनीवर पांढरी पावलं उमेच्या खोलीकडे गेली होती. प्रत्येक पावलाची टाच खोलीकडे. पाठमोरं चालत गेल्यासारखी.

नाना ओलं फडकं घेऊन खाली बसले आणि पुसू लागले. "घुशी झाल्यात घरात. मुलीकडचे येतील इतक्यात. विष्णू, बघत काय उभा राहिलायस?"

एकही पाऊल त्यांनी सोडलं नाही.

उमेचं दार हातभर उघडलं. कुंकू ताजं होतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. त्यांना आत्ता कुठे डोळा लागलाय."

मग तिनं भटजींपुढे ओंजळ धरली.

"ते दहा आणलेत ना?"