नऊ मिनिटांची रेघ

थरवाचक यंत्राची पहिली खरी चाचणी कोणत्या वस्तूवर घ्यायची, हे डॉ. इरावती खांबेटे यांनी स्वतःच ठरवलं होतं. यंत्राखाली ठेवलेला तुटका बोल्ट अकरा वर्षांपूर्वी चंद्रावरच्या पहिल्या वसाहतीच्या दारातून निघालेला होता. ते दार बसवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सुटलं आणि शलाका दुर्वे नावाची तंत्रज्ञ हवेअभावी गेली.

"विजेच्या प्रवाहाने चढवलेला मुलामा अणूंच्या थरांनी वाढतो," इरावती आपला सहकारी निहार पोतनीस याला सांगत होती. "प्रवाह कमीजास्त झाला, द्रावणात काही मिसळलं, तर कणांची ठेवण बदलते. एकेक थर सोलत गेलं की मुलामा कसा दिला गेला, ते मिनिटामिनिटाने वाचता येतं."

"आणि नंतर भट्टीत ठेवला होता का, तेही?"

"तेही. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तो भट्टीच्या उष्णतेने बाहेर काढला नाही, तर कठीण पोलाद आतून ठिसूळ होतं आणि ताण आला की काही दिवसांनी काडकन तुटतं. मुलामा देणाऱ्या तांबोळींनी भट्टीची पायरी गाळली होती. त्यांच्याकडे नोंदच नव्हती."

चौकशी समितीपुढे हे तिनेच सांगितलं होतं. बोल्टला कोणता मुलामा द्यायचा, हे ठरवणारी अभियंताही तीच होती. युसुफ तांबोळींचा शिरोलीतला कारखाना त्यानंतर बंद पडला.

दुपारपर्यंत आलेख तयार झाला. निहारने तो दोनदा तपासला.

"मॅडम, बोल्ट भट्टीत होता. मुलाम्यातलं जस्त आणि पोलाद सीमेवर एकमेकांत मिसळलंय. दोनशे अंश, बावीस तास. आपण किती सांगितले होते?"

"आठ," इरावती म्हणाली.

"आणखी एक आहे. खालचा अर्धा मुलामा मंद आहे, बिनचकाकीचा, विरळ कणांचा. मध्ये प्रवाह थांबलाय, तिथे ही रेघ आहे. त्या रेघेवर साचलेल्या ऑक्साइडवरून नऊ मिनिटं. त्यानंतर द्रावणात चकाकी आणणारं रसायन पडलंय. वरचा थर एकदम घट्ट. यातून हायड्रोजन बाहेर पडणं शक्यच नाही. बावीस तास ठेवा, नाहीतर बावीस दिवस." निहारने मान वर केली. "त्या नऊ मिनिटांत काय झालं असेल?"

इरावतीला ते माहीत होतं. तेव्हा तांबोळींचा तिला फोन आला होता. बैठक सोडून ती गच्चीवर गेली होती.

"मॅडम, मंद मुलामाच राहू दे," तांबोळी म्हणाले होते. "चकाकीचा थर लई घट्ट बसतो. आतला वायू कोंडून राहील."

तिने आधी ऐकून घेतलं, मग वाद घातला. मंद मुलामा मळकट दिसतो, उद्घाटनाच्या छायाचित्रांत दारं उजळ दिसली पाहिजेत, असं वरून आलं होतं. शेवटी ती म्हणाली होती, "तुम्ही मुलामा द्या, तांबोळी. धातुशास्त्र आमच्याकडे असू द्या."

समितीपुढे तिने या फोनचा उल्लेख केला नाही. विसरली नव्हती. कोणी विचारलं नाही, असं स्वतःला सांगत अकरा वर्षं काढली होती.

निहारकडे न बघता ती म्हणाली, "मला माहीत नाही."

चार दिवस ती माफीचे शब्द जुळवत राहिली. पाचव्या दिवशी हुपरीला गेली. युसुफभाई आता दुसऱ्याच्या कारखान्यात पैंजणांना चांदीचा मुलामा देत होते. केस पांढरे झाले होते. इरावतीने आलेख त्यांच्यापुढे ठेवला आणि जुळवलेलं सगळं विसरून जेमतेम म्हणाली, "चार दिवस माफीचे शब्द जुळवत होते. चूक माझी होती. तुमचा फोन मी लपवला."

त्यांनी आलेखावरच्या रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"मग मी निर्दोष ठरलो, तर तो मुलामा दोषी ठरला," ते म्हणाले. "खरं ना?"

"हो."

"मग बाकीच्या दारांना कुठला दिलाय?"

दोष माणसाचा ठरल्यामुळे मुलामा कोणी बदललाच नव्हता. "चंद्राच्या ध्रुवावरच्या वसाहतीच्या दारांना तोच आहे. पण तिथे दहा वर्षांत एकही बोल्ट तुटलेला नाही."

"का नाही तुटला? लोखंड तेच, ताण तोच."

"ती दारं कायमच्या सावलीत आहेत. उणे दीडशे अंश. पहिलं दार उन्हात होतं. इतक्या थंडीत हायड्रोजन पोलादात जवळजवळ सरकत नाही. जागेवर बसून राहतो. ऊब मिळाली, की ताणाच्या जागी गोळा होतो आणि..." ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून फार हळू आलं. "दारांचे रबर कडक होतात म्हणून आम्ही चौकटी तापवायला सुरुवात केली आहे. सोळा दिवस झाले."

"माणसं किती आहेत तिथं?"

"बासष्ट."

"आणि तुम्ही चार दिवस माफी जुळवत बसलात?"

तिने तिथूनच नियंत्रण कक्षाला फोन लावला. चौकटींची उष्णता बंद करा, सगळ्यांना आतल्या दालनात घ्या. पलीकडच्या अधिकाऱ्याने कारण विचारलं.

"मुलाम्याची निवड चुकली. निवड माझी होती," ती म्हणाली. "धोक्याची सूचनाही तेव्हाच मिळाली होती."

"कोणी दिली होती?"

"युसुफ इब्राहिम तांबोळी. पूर्ण नाव लिहा."

एव्हाना पोलाद तापलेलं होतं आणि ते निवायला वेळ लागणार होता. चौकटी तापवायला लागल्यापासून अठराव्या दिवशी उत्तरेकडचं दार सुटलं. बाहेरची मार्गिका रिकामी होती. कोणालाही इजा झाली नाही.

इरावतीने लगेच हुपरीला फोन केला. "युसुफभाई, सगळे वाचले. तुम्ही विचारलंत म्हणून."

"बरं झालं," ते म्हणाले. मागे पाण्याचा आवाज येत होता. "पण मी त्यांच्यासाठी विचारलं होतं, मॅडम. तुमचं ओझं उतरावं म्हणून नाही."

फोन त्यांनीच ठेवला.