साहेबांचं वाचायचं राहिलेलं पुस्तक

कंधारच्या हॅमंड साहेबांची पुस्तकं लिलावात निघणार, हे कळलं तेव्हा मी हातातला चहा तसाच टाकून गाडी काढली. लातुरात जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला याहून मोठा सण नसतो. साहेब किल्ल्याच्या नादाने कंधारला आले, तिथेच म्हातारे झाले आणि तिथेच वारले. विलायतेतल्या पुतण्याने फोनवरच सांगितलं, सगळं विकून टाका.

अंगणात सतरंज्यांवर पुस्तकांचे ढीग लागले होते. जुन्या चामड्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यात मला ते दिसलं! दख्खनच्या किल्ल्यांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, पानांच्या कडा अजून एकमेकींना जोडलेल्या. पूर्वी पुस्तकं अशीच यायची. वाचणारा सुरीने एकेक घडी कापत पुढे जायचा. हे कुणी उघडलंच नव्हतं. पुण्याचं माझं एक गिऱ्हाईक अशा न कापलेल्या प्रतीसाठी जीव टाकतं.

मी बोली लावली. बाकीचे सगळे एकदम जमिनीकडे पाहायला लागले. माझ्यापुढे कुणी हातच वर केला नाही. नशीब फळफळलं म्हणत मी पुस्तक काखोटीला मारलं.

फाटकाशी साहेबांची स्वयंपाकीण धोंडाबाई उभी होती.

"मालक, त्ये किल्ल्याचं पुस्तक तुमीच घेतलं नव्हं?"

"हो. का?"

"साहेबाचे डोळे गेलते. त्ये वाचायचं राह्यलं. धाव्याला म्या पिंड ठिवला, तर कावळा शिवंना. बागंचं बोलून पाह्यलं, कुत्र्याचं बोलले. न्हाईच. मंग म्हनलं, ह्ये पुस्तक जो नेईल त्यो तुमाला वाचून दाखवील. कावळ्यानं लगेच झडप घातली की!"

"मला न विचारता?"

"तवा तुमी कुठं व्हता, मालक?"

मी हसलो. आमच्या लिंगायतांत पिंडही नसतो आणि कावळाही. "मावशी, पान कापलं की याची किंमत गेली. हे असंच पुण्याला जाणार."

धोंडाबाईने पुस्तकाला हात जोडले.

दुकानात आल्यावर पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला बाहेर घेतलं, तर पहिली घडी कापलेली. सरळ, स्वच्छ. उंदीर असं कापत नाही.

मी भडकलो. "घ्या, ऐका!" म्हणत ती पानं मोठ्याने वाचली. शेवटच्या ओळीशी कर्रकन आवाज झाला आणि पुढची घडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली.

आता विकायचं काय उरलं होतं? वाचून संपवायचं आणि सुटायचं, एवढंच हातात होतं. रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी वाचत बसलो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण मजाही येत होती! इतकं रंगून मी कॉलेजातही वाचलं नव्हतं.

एकदा एक रटाळ तक्ता गाळला.

पान मागे उलटलं.

मी तक्ता वाचला.

अखेर शेवटचं पान आलं. "संपलं, साहेब," मी म्हणालो. "धोंडाबाईचा शब्द पाळला. आता निघा."

समोरची रिकामी खुर्ची करकरली. मग शांतता. मला इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. ते पुसायला चष्मा काढला.

पुन्हा लावला तेव्हा टेबलावर पहिल्या कपाटातल्या पहिल्या फळीवरचं पहिलं पुस्तक होतं, पहिलं पान उघडून माझ्याकडे वळवलेलं.